महागडं की मधलं

ड्रिल थांबलं, पण हात थांबला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीसाठी तो भिंतीत भोक पाडत होता. आधी करपलेला वास आला, मग भिंतीत अर्ध्यावर रुतलेलं टोकाचं बिट गप्प झालं, आणि एकदम इतकी शांतता पसरली की आतल्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटनं घशातल्या घशात काहीतरी विचारलं. "तुमचं नाही हो, बाहेरच्यांचं थांबलंय. तुमचं अजून सुरूच व्हायचंय," बाई म्हणाल्या. तो मात्र तसाच उभा होता. ड्रिलच्या पाठीला खांदा लावून, डोळे बारीक करून, एक पाय मागे रोवून. त्याच्या लेखी ड्रिल चालू होतं. मनगटापासून कोपरापर्यंत तीच ओळखीची घरघर, बोटांच्या टोकांना तोच बारीक झिणझिणाट. "भाऊजी, बंद पडलंय ते," भोकाखाली ओंजळ धरलेला मेव्हणा म्हणाला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. माहीत नव्हतं.

त्यानं बिट उलटं फिरवून भिंतीतून सोडवलं, ड्रिल खाली ठेवलं आणि हात खिशात घातला. खिशात भुंगा कोंडून ठेवावा तसा हात घुमत राहिला. तसं हे नवं नव्हतं. काम संपलं की हात थोडा वेळ घुमायचाच, पूर्वी जिना उतरेपर्यंत, पुढे चहाचा कप संपेपर्यंत, हल्ली जेवायला बसेपर्यंत. पिठाच्या गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या असतात, मासेवालीच्या पदराला वास असतो, तसा आपला हात घुमतो, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलं की विषय मिटला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत बायको त्याचा हात आपल्या गालाला लावून घ्यायची आणि म्हणायची, मांजर आहे हे, बघा कसं गुरगुरतंय. तेव्हा त्याला हाताचा अभिमानच वाटला होता. पण आजपर्यंत एक झालं नव्हतं. हात घुमतोय आणि ड्रिल चाललंय यातला फरक त्याला नेहमी कळत आला होता. आज कळला नाही. भुंगा खिशात आहे की भिंतीत, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती लोकांनी आपल्या भिंती का द्याव्यात? आणि लोकांनी भिंती दिल्या नाहीत तर तो काय करणार होता? त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. सुतार म्हणावं तर सुतार नाही, वायरमन म्हणावं तर तेही नाही. फळ्या, आरसे, पडद्यांचे दांडे, भिंतीवरची कपाटं, जे जे म्हणून टांगायचं असतं त्यासाठी भोक पाडून देणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. हात गेला की ती ओळखही गेली.

मेव्हणा वाकून ड्रिल हुंगत होता. तो बायकोचा धाकटा भाऊ, ताडमाड आणि सडसडीत. कुठेही उभा राहिला तरी वरून दोरीनं सोडल्यासारखा सरळ दिसायचा, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. शिकायला म्हणून तो बहिणीकडे राहायला आला, एका सुट्टीत शिडी धरायला म्हणून भाऊजींबरोबर गेला, आणि त्यानंतर शिडी काही सुटली नाही. पुढे कामाची वाटणी आपोआप झाली. मापं घ्यायची, पाणसळ लावून रेघ पाहायची, पेन्सिलीनं भिंतीवर टिंब द्यायचं, हे ओळंब्याचं. टिंबावर भोक पाडायचं हे त्याचं. एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. भोक वाकडं गेलं तर टिंब चुकलं म्हणायचं आणि टिंब चुकलं तर भिंत वाकडी आहे म्हणायचं, असा दोघांमध्ये तह होता.

"गेलं," ओळंबा म्हणाला. "आता मोटर बांधून पण उपयोग नाही. सुकट भाजल्यासारखा वास येतोय."

"तुला कुठे दिसली सुकट? नाकाला लाव अजून, म्हणजे जेवण पण होईल."

हातमोजे काढत डॉक्टरीणबाई दारात आल्या. "हे बघा, फळी आज लागलीच पाहिजे. उद्या सासूबाई येणार आहेत. पुस्तकं त्यांनी दिलीत, जड जड. ती जमिनीवर दिसली तर आयुष्यभर ऐकावं लागेल मला."

"लागेल की. नवं ड्रिल घेऊन येतो आम्ही, लगेच," तो म्हणाला. त्या आत गेल्या आणि लगेच त्यांचं बारीक ड्रिल सुरू झालं. ती बारीक किणकिण ऐकून त्याला वाटलं, यांचाही हात घुमत असेल का? पण असलं काही विचारायची ती वेळ नव्हती, आणि विचारलं असतं तर बाईंनी उलट विचारलं असतं.

रस्त्यावर आल्यावर ओळंबा म्हणाला, "या वेळी महागडं बघू या का?" हे त्यानं इतक्या सहज म्हटलं, समोरून येणाऱ्या सायकलकडे बघत, की भाऊजींना लगेच संशय आला. "का? मधल्याला काय झालं? आजवर मधलंच वापरलं ना आपण?" "तसं नाही हो. बघू या नुसतं." "बघायला काय जातंय," तो म्हणाला आणि झपझप चालायला लागला. महागड्या ड्रिलची किंमत मधल्याच्या दुपटीवर जायची, पण प्रश्न तेवढाच नव्हता. त्यांच्या धंद्यात महागड्या ड्रिलला कवळी म्हणत. ज्याचे दात पडले तो कवळी बसवतो, तसं ज्याचा हात गेला तो महागडं ड्रिल घेतो. ते कमी थरथरतं, कुठे अडकलं तर आपलं आपण थांबतं, मनगटाला झटका देत नाही. म्हणजे धडधाकट माणसाला त्याची गरज काय? त्यांच्या ओळखीच्या एका जाड्या वायरमननं मोठ्या हौसेनं ते घेतलं, तेव्हा चहाच्या दुकानात सगळ्यांनी उठून त्याला बसायला जागा दिली होती. कुणीतरी त्याच्या बिस्किटाचे तुकडेही करून दिले. आणि यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं, हे त्याला आता रस्त्यानं चालताना आठवलं. वायरमननं तेव्हा बिस्कीट चहात बुडवून शांतपणे खाल्लं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, ज्यानं जेवून घेतलंय त्यानं न जेवलेल्यांकडे पाहावं तसा तो पाहत होता.

ते पेठेच्या रस्त्यानं निघाले होते. दुपारचं ऊन भिंतींवर पसरलं होतं, आणि नेहमीसारखं त्याचं लक्ष माणसांपेक्षा भिंतींकडेच जात होतं. या शहरात त्याची भोकं होती. वरच्या मजल्यावर निळे पडदे असलेल्या घरात, चष्म्याच्या दुकानात, वकिलाच्या कचेरीत, न्हाव्याच्या आरशांमागे. न्हाव्याकडे तर इतकी, की तो केस कापायला बसला की समोरच्या आरशात स्वतःला बघायच्या ऐवजी आरशामागच्या आपल्या भोकांना आठवत बसे. गंमत म्हणजे त्यातलं एकही दिसत नव्हतं. सुताराचं टेबल दिसतं, रंगाऱ्याचा रंग दिसतो, गवंड्याची तर अख्खी भिंत दिसते. आपलं काम नीट झालं तर ते कायमचं झाकलं जातं, आणि दिसलं तर समजावं की चुकलं. पूर्वी कधी कधी याचं त्याला वाईट वाटायचं. पण हल्ली हल्ली या विचारानं त्याला एक चोरटा आनंद व्हायचा, सगळ्या गावानं अंगावर घातलेल्या कपड्यांच्या आतल्या शिवणी आपल्याला ठाऊक असाव्यात तसा. लोक आपापल्या आरशांसमोर भांग पाडतात, फळ्यांवर बरण्या ठेवतात, लग्नाचे फोटो टांगून त्याखाली भांडतात, आणि ते सगळं त्याच्या भोकांवर टांगलेलं असतं. फोटो पडले नाहीत. संसारांचं त्याला माहीत नाही, फोटो पडले नाहीत. ड्रिल लावण्याआधी तो भिंतीवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला सगळं कळायचं. इथे वीट, इथे दोन विटांमधला सांधा, इथे आतून वायर गेली असेल, इथे आधी कुणीतरी भोक पाडून बुजवलंय. बुजवलेली जागा कितीही घासून रंगवली तरी अंगठ्याखाली जराशी गुळगुळीत, जराशी पोकळ लागते. गिऱ्हाइकांना त्याचं फार अप्रूप वाटायचं. तो त्यांना सांगायचा, भिंत बोलते, फक्त हळू बोलते. हे वाक्य त्यानं इतक्या घरांत म्हटलं होतं की ओळंबा मागे उभा राहून ते ओठांतल्या ओठांत बरोबरीनं म्हणायचा.

"टी-शर्ट उलटा घातलाय का तुम्ही?" ओळंब्यानं मध्येच विचारलं.

त्यानं खाली पाहिलं. शिवण बाहेर होती. "तुझ्या बहिणीला विचार. सगळे टी-शर्टच आणून ठेवलेत तिनं. सरळ कुठला, उलटा कुठला, काही कळत नाही. सदरे कुठे गेले म्हटलं तर म्हणते, टी-शर्टात तरुण दिसता."

"दिसता की."

"उलट्यात पण?"

"उलट्यात जास्त. शाळेतल्यासारखे."

हत्यारांचं दुकान लांबट आणि थंड होतं, आणि दुकानाची मालकीण ठेंगणी, मोठ्या आवाजाची, कानावर चष्म्याची काडी अडकवलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दादा म्हणे, आणि बाई आली तर तिलाही आधी चुकून दादाच म्हणे. "या दादा. काय जळलं?" तिनं ड्रिल हातात न घेताच विचारलं. "वासावरून कळलं. एवढा वास येईपर्यंत चालवलंत म्हणजे माया होती हो तुमची." तिनं दोन खोकी आणून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. मधलं आणि महागडं. एका खोक्याचा पुठ्ठा साधा, दुसऱ्याची चक्क पेटी, कड्या असलेली, आत ड्रिलच्या आकाराचा खळगा आणि त्यात ते निजवलेलं. "घरच्या कामाला असतं तर मीच म्हटलं असतं मधलं घ्या. पण तुमचं रोजचं. रोजच्याला काय घ्यावं हे मी सांगणार नाही. मागे भिंत आहे, तीच सांगेल."

दुकानाच्या मागच्या बाजूला तिनं पुरुषभर उंचीची एक भिंत बांधून घेतली होती, अर्धी विटांची, अर्धी काँक्रीटची, वरून गिलावा आणि रंग. गिऱ्हाइकानं तिथे भोकं पाडून बघायची. संध्याकाळी ती स्वतः पुट्टी घेऊन सगळी भोकं बुजवायची, घासायची, रंगवायची, म्हणजे सकाळी भिंत पुन्हा कोरी. लोक म्हणत की तिथे आता विटा कमी आणि पुट्टीच जास्त आहे. त्यानं सवयीनं अंगठा फिरवला. नीट, सावकाश, विटांच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत. भिंत गप्प होती. सगळीकडे सारखी. एका जागी त्यानं अंगठा टेकवला. ही कोरी आहे, असं मनाशी ठरवलं आणि मधलं ड्रिल लावलं. ते गुरगुरलं, दातओठ खात आत गेलं, लाल भुगा जमिनीवर पडला. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात घरघर चढली, बोटं बधिरली. पण भोक सरळ आणि स्वच्छ झालं. त्याला बरं वाटलं. हे कष्टाचं ड्रिल होतं, त्याच्यासारखंच, थोडं तापट, पण कामाला चुकणारं नव्हे. मनातल्या मनात त्यानं ते घेऊनही टाकलं. चहाच्या दुकानात त्याला कुणी उठून जागा देणार नव्हतं, हेही त्यानं त्याच क्षणी पाहिलं.

"ते पण बघा ना एकदा," ओळंबा म्हणाला. "बघतो रे बाबा. तुझ्या समाधानासाठी." त्यानं पेटीतलं उचललं. वजन चांगलं होतं, मुठीत बसणारं. पुन्हा अंगठा फिरवला, थोडं बाजूला एक जागा ठरवली, टोक टेकवलं आणि कळ दाबली. आणि ते आत गेलं. लोण्यात सुरी जावी तसं. जोर नाही, झटका नाही, हाताला नुसती एक मऊ कुरकुर. जणू भिंतच बाजूला सरून म्हणाली, या ना. तो थक्क झाला. पाय मागे रोवला होता त्याला काही कामच उरलं नाही. हात घुमत नव्हता, किंवा घुमत असलाच तर लांबून कुठूनतरी, शेजारच्या घरातून गाणं ऐकू यावं तसा. आणि एकाएकी त्याला तो पहिला हात आठवला, पंचविशीतला, घरात शिरल्या शिरल्या बायकोच्या गालाला लागणारा, रात्रीपर्यंत दहा भिंती फोडून सकाळी पुन्हा कोरा असणारा. हसू त्याच्या चेहऱ्यावर आपसूक पसरलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यानं तोंड भिंतीकडेच ठेवलं. असू दे कवळी. लोक हसतील, हसू देत. वायरमन बिस्कीट खाताना कसा पाहत होता ते आता त्याला कळलं. "बांधा हेच," तो म्हणाला. "काय गेलंय आत. वा. काय गेलंय." त्यानं ओळंब्याकडे वळून पाहिलं. ओळंबा छताकडे बघत होता. मालकीण काउंटरकडे जायला निघाली होती, ती थबकली आणि जमिनीकडे पाहू लागली. म्हणून त्यानंही पाहिलं. पहिल्या भोकाखाली लाल भुगा होता. दुसऱ्याखाली पांढरा.

विटेचा भुगा पांढरा नसतो. पांढरी असते ती पुट्टी. त्यानं ड्रिल बंद केलं. "काल संध्याकाळचंच आहे ते," मालकीण म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. "दुधवाल्या दादांनी पाडलेलं. गोठ्याला पंखा लावायचाय त्यांना. तुमच्यासारख्याला कळलं नाही म्हणजे बरी बुजवते की मी." "छान बुजवता," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, त्यानं कधी इतकी छान बुजवलेली भोकं पाहिली नव्हती. पण मधल्या ड्रिलचं भोक विटेत गेलं आणि हे पुट्टीत, हे निव्वळ नशीब होतं. अंगठ्याला दोन्ही जागा सारख्याच लागल्या होत्या. भिंत गप्प नव्हती. ती बोलत असणार, नेहमीसारखी, हळू. त्यालाच ऐकू येत नव्हतं. त्यानं डाव्या हाताच्या नखानं उजव्या अंगठ्याचं टोक दाबलं. नख उमटलेलं दिसलं. दाबल्याचं कळलं, पण उशिरा आणि अंधूक, जाड हातमोज्यातून कळावं तसं. किती दिवसांपासून? आणि मग गेल्या वर्षातल्या सगळ्या भिंती एकदम त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. भिंतीचं न ऐकता पाडलेली भोकं, त्यावर टांगलेले आरसे, आरशांसमोर उभी राहून भांग पाडणारी माणसं. कुणाचं काय पडलं नव्हतं. का पडलं नव्हतं?

"तुला दिसलं होतं," तो ओळंब्याला म्हणाला.

"रंग जरा चमकत होता तिथे," ओळंबा म्हणाला. "मागच्या दारातून ऊन येतंय, त्यात दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होता. म्हटलं दोन मिनिटं राहू दे."

मालकीण आतल्या बाजूला काहीतरी शोधायला गेली. तिला शोधायचं काही नव्हतं, हे दोघांनाही कळलं. ओळंब्यानं खिशातून पेन्सिल काढली, परत ठेवली. "एक सांगू का, भाऊजी? मी टिंब देतो ना, ते आधी अंगठ्यानं बघूनच देतो. तुम्ही नंतर बघता तिथे मी आधीच बघितलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि बिटं? नवी नवी बिटं का आणत होतास? मी ओरडत होतो तुला, उधळ्या म्हणून."

"बोथट बिटाला जोर जास्त लागतो. धार असली की हाताला झटका कमी बसतो."

"तुझ्या ताईला माहीत आहे?"

"ताईनंच सांगितलं मला. तुम्हाला सदऱ्याची बटणं लावायला फार वेळ लागतो म्हणाली. आणि लागला की चिडता, बटणांवर. म्हणून ती टी-शर्ट आणायला लागली."

तो जवळच्या एका स्टुलावर बसला. राग येईल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. राग आला नाही. आलं ते हसू, आधी पोटात, मग खांद्यांत. तो टी-शर्टाची बाहेर आलेली शिवण चिमटीत धरून हसत राहिला. इतके दिवस आपण हात खिशात लपवत होतो आणि घरातले सगळे मिळून तो खिसा शिवत होते, उसवू नये म्हणून. आणि आपण तरुण दिसतोय असं तो खरंच समजत होता. हा मात्र ताईसाहेबांचा कावा होता, आणि तो जमला होता. संध्याकाळी घरी जाऊन तिच्याशी भांडायला हवं, असं त्यानं ठरवलं. चांगलं भांडण, चहा घेऊन करायचं.

मग त्यानं ओळंब्याला अंगठा फिरवायला लावला आणि त्यानं दाखवलेल्या खऱ्या कोऱ्या जागी महागडं ड्रिल पुन्हा लावलं. या वेळी ते लोण्यात गेलं नाही. विटेत गेलं, विटेत जावं तसं, अंग झाडत, पण मधल्यापेक्षा पुष्कळ शांतपणे. मध्ये एकदा खड्याला अडकलं तेव्हा ते स्वतःच थांबलं, मनगटाला पिळलं नाही. चांगलं होतं. जादूचं नव्हतं. त्यानं ते हातात धरून उलटसुलट पाहिलं. दोन्हींतलं कुठलंही घेतलं तरी अंगठा परत मिळणार नव्हता, तो या दुकानात ठेवलेला नव्हता. मधलं घेतलं तर लोक हसणार नाहीत, आणि आपण भिंतींशी खोटं बोलत राहू. महागडं घेतलं तर थोडी जास्त वर्षं खोटं बोलता येईल. एवढाच फरक होता तर दुपटीची किंमत कशाला? असा विचार करत असताना त्याचं लक्ष ओळंब्याच्या हातांकडे गेलं. लांब, स्वच्छ, पेन्सिलीच्या शिशानं एका बोटाला काळपट डाग पडलेले. त्या हातांनी आयुष्यात पाणसळ आणि शिडी सोडून काही धरलं नव्हतं. ते घुमत नव्हते. त्यांना चमकणारा रंग, पोकळ पुट्टी, विटेचा सांधा, सगळं कळत होतं. आणि त्याला एकदम असं वाटलं, की चहाच्या दुकानातल्या सगळ्यांनी, त्याच्यासकट, ही गोष्ट आजवर उलटीच धरली होती, टी-शर्टासारखी. कवळी दात पडल्यावर बसवतात. हे ड्रिल दात शाबूत असताना घ्यायचं असतं.

"धर," त्यानं ड्रिल पुढे केलं.

"पेटीत ठेवू?"

"पेटीत नाही. भिंतीला लाव."

ओळंबा दोन पावलं मागे सरला. "नको हो. मला पाणसळच बरी. ती कुणाच्या वाट्याला जात नाही."

"मी काय विचारत नाहीये. पाय मागे घे. तो नाही, दुसरा. अरे, शिडी नाही धरायची, ड्रिल धरायचंय. खांदा लाव त्याला. घाबरतोस काय, तुझ्या अंगावर येणार नाही ते, भिंतीवर जाणार आहे."

"आणि तुम्ही काय करणार?"

हा प्रश्न त्यानं स्वतःला अजून विचारला नव्हता. ओळंब्यानं तो अगदी साधेपणानं विचारला, तोंड वळवून, ड्रिल छातीशी तान्ह्या मुलासारखं धरून. त्याच्या डोळ्यांसमोरून सगळ्या गावच्या भिंती गेल्या, कोऱ्या, उन्हातल्या. "डोळे आहेत ना मला," तो म्हणाला. "टिंब देईन. तुझी टिंबं तशीही तिरकी असतात." "माझी? माझी टिंबं तिरकी? टिंब तिरकं कसं असेल, भाऊजी?" "तुझी असतात." ओळंब्याला राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं कळ दाबली. ड्रिल आत गेलं. थोडं थरथरत, थोडं वर चढत, पण गेलं. बाहेर आल्यावर तो त्या भोकाकडे असा पाहत राहिला की जणू त्यातून आता कुणीतरी डोकावणार आहे. "वाकडं गेलं," तो हळूच म्हणाला. "भिंत वाकडी आहे," मालकीण आतून म्हणाली. ती सगळं ऐकत होती. "कुठलं बांधू, दादा?"

"महागडं. आणि जुनं हे इथेच ठेवून घ्या, काही सुटे भाग निघाले तर बघा."

परत जाताना पेटी ओळंब्याकडे होती आणि पाणसळ त्याच्याकडे. पाणसळ हलकी होती. नळीतला बुडबुडा चालताना इकडून तिकडे पळत होता आणि त्याला तो स्थिर ठेवायचा नाद लागला, म्हणून तो पुष्कळ सावकाश चालला. चहाच्या दुकानावरून जावं लागलं. आत वायरमन बसला होता. त्यानं पेटी पाहिली, मग कोणी धरलीय ते पाहिलं, आणि बाकावर जरा सरकला. "नंतर येतो," तो वायरमनला म्हणाला. "मला बिस्कीट अख्खंच लागतं, सांगून ठेवतो."

दवाखान्यात आता बाहेरच्या बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या, एक गाल टम्म सुजलेला. अर्धं राहिलेलं भोक ओळंब्यानं आधी पुरं करून घेतलं, स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी त्यात ठोकली. पण फळीच्या दुसऱ्या टोकाचं टिंब ड्रिल बंद पडलं तेव्हा द्यायचंच राहून गेलं होतं. ते आता त्याला द्यायचं होतं. त्यानं पाणसळ लावली, बुडबुडा मधे येईपर्यंत श्वास रोखून धरला, पेन्सिल भिंतीला टेकवली आणि थांबला. आजवर टिंब म्हणजे त्याला तयार मिळालेली गोष्ट होती. इथे पाड म्हटलं की पाडायचं. आता कळलं की पाडण्याआधी कुणालातरी 'इथे' असं म्हणावं लागतं, आणि ते म्हणणाऱ्यावर दुसऱ्याचा हात, अख्खी भिंत, सासूबाईंची जड पुस्तकं, सगळं टांगलेलं असतं. आणि हा पठ्ठ्या ते रोज शिट्टी वाजवत करत होता. त्यानं डोळे भिंतीच्या अगदी जवळ नेऊन पाहिलं, प्रकाश कसा पडतोय, रंग कुठे चमकतोय का. ओळंब्याला अंगठा फिरवायला सांगितलं. ओळंब्यानं फिरवला, मान हलवली. मग त्यानं टिंब दिलं. पेन्सिल बोटांत नीट बसत नव्हती, त्यामुळे टिंब जरा मोठं आलं, एक शेपटी घेऊन.

ओळंबा ड्रिल घेऊन पुढे आला आणि वाकून पाहू लागला. "भाऊजी, हे टिंब आहे की माशी?"

"माशी असली तर उडेल. थांब जरा."

दोघंही थांबले. बाकावरच्या आजीबाईही सुजलेला गाल हातानं सावरत भिंतीकडे पाहू लागल्या. आतलं बारीक ड्रिलही नेमकं त्याच वेळी थांबलं होतं.

"बसलीय तशीच," आजीबाई म्हणाल्या.

"चालव मग," तो म्हणाला.

ओळंब्यानं पाय मागे घेतला, बरोबर तो. कुणाच्या घरात काम करताना जमीन खराब होऊ नये म्हणून टिंब देणाऱ्यानं भोकाखाली ओंजळ धरायची, ही त्यांची जुनी पद्धत होती. आता टिंब देणारा तो होता, म्हणून त्यानं भिंतीला खेटून दोन्ही हात धरले. बिट विटेत शिरलं आणि भुगा पडायला लागला, आधी चिमटीएवढा, मग धारेसारखा. बोटांच्या टोकांना काही कळलं नाही, पण तळव्यांना कळलं. तो गरम होता. नुकत्याच दळून निघालेल्या पिठासारखा. इतकी वर्षं भिंती फोडल्या, पण भुगा गरम असतो हे त्याला माहीत नव्हतं. ओंजळ भरत गेली तरी त्यानं ती हलवली नाही.